बेलावरच्या अळ्या आणि आमच्या आत्याबाई

आमच्या आत्याबाई पाखरांशी भांडत असत. परसातल्या बेलाच्या शेंड्यावर सकाळी कोतवाल येऊन बसला, की हातातली परडी खाली ठेवून, कमरेवर हात देऊन त्या झाडाखाली उभ्या राहायच्या आणि वर बघून माळवी मिसळून विचारायच्या, "कईं भिया, आज लवकर? काल पोट भरलं नाही का?" कोतवाल म्हणजे लांब, दुभंगलेल्या शेपटीचा तो काळा कुळकुळीत पक्षी. तो एकदम झेप घेऊन हवेतलं फुलपाखरू उचलायचा, पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसायचा, आणि थोड्या वेळानं सुटे पंख भिरभिरत खाली यायचे. आत्याबाई ते पदरात गोळा करायच्या. "पंख टाकतो मेला, पोट तेवढं खातो," असं म्हणायच्या, आणि त्या म्हणण्यात राग थोडा आणि कौतुकच जास्त असायचं.

त्या माझ्या यजमानांच्या आत्या, मामंजींच्या पाठची बहीण. नाव द्वारका; पण त्या नावानं हाक मारणारं माणूस मी धारला आले तेव्हा फारसं उरलं नव्हतं. सासूबाई त्यांना वन्सं म्हणत, आम्ही बाकीची सगळी आत्याबाई. शतक नुकतंच पालटलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मामंजी संस्थानच्या नोकरीत होते. आत्याबाई लग्न होऊन देवासला गेल्या होत्या. तिथं ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं आणि भाऊ त्यांना धारला घेऊन आला. उंच, काटकुळ्या, अंगावर विधवेचं लाल आलवण, आणि डोक्यावरच्या पदराखालून बघणारे दोन चौकस डोळे. ते डोळे एखाद्या वस्तूवर खिळले, की दूध उतू गेलं तरी हलत नसत. दूध बरेचदा उतू जाई आणि सासूबाई बरेचदा बोलत.

मी सांगलीकडची. धारच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा नव्या सुनेला बायका जे जे विचारतात ते सगळं मला विचारून झालं. पुरण येतं का, शिवण येतं का, वाचता येतं का. आत्याबाई कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. सगळ्या उठून गेल्यावर हळूच जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलखात सरडा फुलपाखरू खातो का गं?"

मी म्हटलं, खात असेल.

"बघितलंय का कोणी?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग खात असेल, असं म्हणू नये," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. यजमानांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "आत्या तशीच आहे. इथं राहायचं तर बघायला शीक," म्हणाले.

"बघितलंय का कोणी?" हा त्यांचा प्रश्न साऱ्या घरानं सोसला होता. दाराशी भाजी घेऊन येणारी बाई म्हणाली की पावसाळ्यात मोर नाचला की पाऊस येतो, तर तिलाही तो प्रश्न. पुराणिकबुवांनी चातकाची गोष्ट सांगितली, तर त्यांनाही. पुराणिकबुवा त्यानंतर आमच्याकडे जरा जपूनच बोलत. ही सवय आपल्याला देवासला लागली, असं आत्याबाई सांगत. देवास म्हणजे गाव एक आणि राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. काही ठिकाणी रस्त्याच्या या अंगाचा माणूस एका राजाचा आणि त्या अंगाचा दुसऱ्याचा. "आमचं घर थोरल्या पातीत, समोरची लिंबोणी धाकट्या पातीत," त्या सांगायच्या. "मी नवी नवरी. खिडकीशी बसायची मुभा होती, तेवढीच. तिथलं फुलपाखरू लिंबोणीवर अंडं घालून आमच्या जाईवर येऊन बसायचं. मी सासूबाईंना विचारलं, हे आता कोणत्या राजाचं धरायचं? तर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं."

मला पहिली दोन मुलं झाली आणि गेली. मुलगा महिन्याचा होऊन गेला. मुलगी पावलं टाकायला लागली होती. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्या बायकांनी सोसलं आहे त्यांना ते सांगावं लागत नाही, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरात कोणी मोकळेपणी आनंदसुद्धा दाखवेना. सासूबाईंनी देव पाण्यात घालून ठेवले. आत्याबाईंनी आषाढी एकादशीला हातावर पाणी सोडलं आणि माझ्या मुलासाठी महादेवाला बेलाची लाखोली बोलली.

लाखोली म्हणजे चातुर्मासात, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, एक लाख बेलाची पानं देवाला वाहायची. पान तीन दळांचं हवं आणि अखंड हवं. भोक नको, डाग नको, किडीनं कुरतडलेलं तर मुळीच नको. रोज खुडायची, धुवायची, देठाची गाठ मोडायची आणि नाव घेत एकेक वाहायची. सोमवारी बेल तोडायचा नाही, म्हणून त्या दिवशीची पानं रविवारीच काढून ठेवायची. आमच्या परसात बेलाचं चांगलं डेरेदार झाड होतं. आत्याबाई म्हणाल्या, "झाड घरचं, हात माझे. अडचण कसली?"

सुरुवात नीट झाली. मग पावसानं झाडाला कोवळी पालवी फुटली आणि आत्याबाईंची कुरकुर सुरू झाली. "या पाखरांना दुसरी जागा नाही का? नेमकं कोवळ्या पानावर घाण करून ठेवतात." खरोखरच पुष्कळ पानांवर काळपट, मधोमध पांढरा पट्टा असलेली, ओलसर चकाकणारी विष्ठा दिसायची. तसलं पान देवाला कसं चालावं? आत्याबाई ते चिमटीत धरून, तोंड वाकडं करून, न्हाणीमागच्या ढिगावर टाकून यायच्या. मला जड काम करू देत नसत, म्हणून मी पाटावर बसून पानं निवडत असे, आणि मीही तशीच टाकत असे.

एका सकाळी पानं कमी पडली. आत्याबाई म्हणाल्या, तसली काही धुऊन घेऊ, पाण्यानं सगळं शुद्ध होतं. पानावर तांब्यानं धार धरली. घाण गेली नाही. बोटानं घासली. तर त्या घाणीनं डोकं वर केलं, डोक्यामागून तांबूस रंगाचं दुफाटी शिंग बाहेर काढलं, आणि सडक्या लिंबाच्या सालीसारखा वास सुटला. मी किंचाळून पाटावरून उठले. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. घाण पानाच्या कडेपर्यंत चालत गेली आणि तिनं पान खायला सुरुवात केली.

"अळी आहे," आत्याबाई पुटपुटल्या. मग खाली वाकून तिचं खाणं बघत राहिल्या. आणि मग पदराचा बोळा तोंडात कोंबून अशा हसल्या, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, हे सोंग पाखरांसाठी घेतलंय! पाखरू आपलीच घाण कशाला खाईल? त्याला फसवायला हिनं हे रूप घेतलं, आणि फसले कोण, तर मी! इतके दिवस विटाळ विटाळ करून कोणाची लेकरं उकिरड्यावर टाकत होते, देव जाणे." आम्ही दोघी न्हाणीमागे गेलो. जी हलत होती ती सगळी उचलून त्यांनी झाडावर परत ठेवली.

सासूबाईंनी माजघरातून ते पाहिलं. "वन्सं, सोवळ्यात किड्यांना हात लावताय?"

"भाऊ पूजेला मुकटा नेसतो, तो रेशमाचाच ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो, मग?"

"रेशीम कोण काढतं? अळीच ना? तिच्या तोंडातून आलेलं वस्त्र सोवळं, आणि ती तेवढी ओवळी? हे मला कोणी समजावून सांगा, मी लगेच अंघोळ करते." मामंजी तेव्हा मुकटा नेसूनच उभे होते. ते निऱ्या सावरत देवघरात निघून गेले. 

तेव्हापासून सोमवार आमचा झाला. त्या दिवशी झाडाला सुट्टी, म्हणून आत्याबाईंच्या हातांनाही सुट्टी. मला भिंतीला टेकवून बसवायच्या, स्वतः शेजारी बसायच्या आणि आम्ही बघत राहायचो. काळं, पिवळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू येऊन कोवळ्या पानाला पोट टेकवायचं आणि राजगिऱ्याच्या दाण्याएवढं अंडं ठेवून जायचं. अंड्यातून अळी, अळी थोडी वाढली की घाणीचं सोंग टाकून पानासारखी हिरवीगार व्हायची. हे एवढं सगळं नीट पार पडलं तर. नाहीतर अंडी मुंग्या न्यायच्या. गांधीलमाशी यायची, अळीचा चावून चावून गोळा करायची आणि तो पायांत धरून उडायची. एक हिरवा किडा पानाआड हात जोडून बसलेला असायचा. "हा बघ भक्त," आत्याबाई म्हणायच्या. फुलपाखरू टप्प्यात आलं, की त्या भक्ताचे जोडलेले हात असे सुटायचे की बघणारा दचकावा. आणि एकदा कुंपणावरच्या सरड्यानं जाईवरचं फुलपाखरू आमच्या डोळ्यांदेखत पंखांसकट गिळलं. आत्याबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "आता म्हण, खातो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, खातो.

कुंपणाच्या पलीकडे रुई माजली होती. तिच्यावर नारिंगी, काळ्या काठाची फुलपाखरं असायची, रमतगमत उडणारी. कोतवाल त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. याचं आत्याबाईंना फार नवल वाटे. त्यांनी फुलपाखरांच्या सरळ दोन जाती केल्या होत्या. बेलावरची ती महादेवाची, आणि रुई मारुतीला वाहतात म्हणून रुईवरची ती मारुतीची. "महादेवाच्या पोरांना सगळे खातात, आणि मारुतीच्यांना कोणी हात लावत नाही. का बरं?" रुईचा चीक विषारी, तो अळीच्या पोटात जातो, म्हणून पाखराला ती कडू लागत असावीत, असं यजमान म्हणाले. आत्याबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. यजमान म्हणाले, "नाही, कोणी बघितलेलं नाही. आणि चाखून बघायला मी तयारही नाही."

मला या काळाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलगी गेल्यापासून मी सकाळी डोळे उघडले, की पुन्हा मिटावेत असं वाटायचं. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा मी उठल्याउठल्या परसाकडे गेले, कारण आदल्या दिवशी एका अळीनं फांदीला रेशमाचा धागा बांधला होता आणि पुढे काय झालं ते मला बघायचं होतं. आत्याबाई माझ्याही आधी येऊन बसलेल्या होत्या.  मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची थोडी लाजही वाटत होती.

इकडे लाखोली मागे पडू लागली. अंडी किंवा अळी असलेलं पान आत्याबाई खुडेनात. आधी एकेक पान सोडायच्या, मग डहाळी, मग खालच्या सगळ्या कोवळ्या फांद्याच सोडून दिल्या. वरची पानं जून होत चालली, हात पोचेल तेवढी खुडून संपली. भाद्रपद सरता सरता सासूबाईंचा धीर सुटला. "वन्सं, तुम्ही नवस कोणासाठी बोललात? किड्यांसाठी, की माझ्या नातवंडासाठी? दोन गेली. तिसरं पोटात आहे आणि तुम्ही महादेवाच्या तोंडचा घास अळ्यांना घालताय! काही कमीजास्त झालं तर काय तोंड दाखवाल?"

आत्याबाई नेहमीसारखं फटकन काही बोलतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, पोर मागायला देवाच्या दारी जायचं आणि वाटेत दुसरीची पोरं खुडत जायचं, हे माझ्या हातून होत नाही." मग सासूबाईंना रडू फुटलं, तेव्हा त्यांच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ बसल्या.

दुपारी त्या माझ्यापाशी आल्या. मी पडले होते. त्या खाली जमिनीवर बसल्या, म्हणजे त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. "हे बघ, मी वहिनींना सांगितलं ते माझ्यापुरतं. मूल तुझं आहे. खालच्या फांद्या खुडल्या तर लाखोली पुरी होते, भरपूर पानं आहेत. तू खूड म्हण, मी आत्ता जाते आणि सगळ्या खुडते. पुन्हा त्याबद्दल एक अक्षर काढणार नाही."

मी काय म्हणायला हवं होतं ते सासूबाईंना ठाऊक होतं, माझ्या आईलाही ठाऊक असतं. मी म्हटलं, "त्या फांदीवर दोन कोश आहेत. ते फुटेपर्यंत थांबू या का?"

आत्याबाईंनी मान डोलावली. आम्ही थांबलो.

पहिला कोश फुटला तेव्हा आम्ही दोघी शेजारीच होतो. खरं म्हणजे तो फुटला नाही. त्याला एक बारीक भोक पडलं आणि त्यातून फुलपाखराऐवजी चिलटांसारख्या चिमुकल्या माश्या निघाल्या. एक, मग आणखी एक, मग किती तरी. उन्हात त्यांची अंगं हिरवी चमकत होती. आतलं सगळं त्यांनी खाऊन टाकलं होतं आणि बाहेरून कोश जसाच्या तसा राहिला होता.  आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, पण डोळे कोशावरच होते. "बाहेरून काहीच कळलं नाही गं," त्या म्हणाल्या. "इतकं रोज बघत होते, तरी कळलं नाही." मी घरात जाऊन पडले आणि खूप रडले, आणि का रडले हे त्यांनी मला विचारलं नाही.

दुसऱ्या कोशातून फुलपाखरू निघालं. चुरगळलेलं, ओलं, पंख म्हणावे असं काही नसलेलं. ते फांदीला लटकून राहिलं आणि त्याचे पंख हळूहळू उलगडत गेले. झाडाच्या शेंड्यावर कोतवाल होताच. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या, आलवणाचा पदर दोन्ही हातांनी पसरून त्या फांदीवर धरला, आणि वर बघून म्हणाल्या, "आज नाही, भिया. उद्यापासून तुझं काय ते बघू." पंख सुकेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.  फुलपाखरू उडालं, भिंतीवरून पलीकडे गेलं, आणि त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

"आता सांग," पदर सावरत त्या म्हणाल्या.

"राहू द्या त्या फांद्या," मी म्हटलं.

यजमानांनी आपल्या परीनं मधला मार्ग काढला. देवासला आत्याबाईंच्या पुतण्याला कळवलं, त्यानं बेलाची पानं ओल्या फडक्यात बांधून करंड्या भरून पाठवल्या. त्या इंदुरावरून टांग्यानं आमच्याकडे आल्या. अर्धी पानं वाटेत काळी पडली होती. उरलेली आत्याबाईंनी पसरली आणि वाकून बघितली, तर त्यांतल्या कितीएक पानांवर तीच ती काळी-पांढरी विष्ठा! सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आत्याबाई म्हणाल्या, "आता ही थोरल्या पातीची, की धाकट्या?" आणि अळ्या आमच्या बेलावर नेऊन सोडल्या. त्या दिवशी सासूबाईसुद्धा हसल्या, नको नको म्हणता हसल्या.

कार्तिकात उद्यापन करायचं ठरलं. लाखोली अपुरी होती, आणि ते आत्याबाईंनी भटजींना पूजेला बसायच्या आधीच स्पष्ट सांगितलं. भटजी भला माणूस. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? शास्त्रात सोय आहे. चांदीचं एक बिल्वपत्र वाहा, उणं ते भरून निघेल." सासूबाईंनी तर चांदीचं पान घडवून आणून ठेवलंही होतं.

"नको," आत्याबाई म्हणाल्या. "उरलेली पानं वाहून झाली आहेत."

"कोणी वाहिली?"

"अळ्यांनी. झाड महादेवाचं, पान महादेवाचं, खाणारी महादेवाची. मी तोडून वाहिलं काय आणि त्यांनी जागच्या जागी खाल्लं काय. पोचायचं तिथं पोचलं."

 सासूबाईंच्या हातातलं चांदीचं पान तसंच राहिलं. भटजींनी आत्याबाईंकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, मग पुन्हा आत्याबाईंकडे. "हे मला गुरुजींनी शिकवलेलं नाही," ते म्हणाले, "त्यामुळे चूक म्हणायचं तर तेही मला शिकवलेलं नाही." आणि त्यांनी पळीनं पाणी सोडलं.

पौषात मला मुलगी झाली. उमा तिचं नाव. सासूबाईंनी ते चांदीचं बिल्वपत्र तिच्या गळ्यात बांधलं आणि आत्याबाईंनी त्याला हरकत घेतली नाही. उमा जगली. पण ती जगते आहे हे कळायला वर्षं जावी लागली. तिला ताप आला, की घर धास्तावायचं. मी तिच्याजवळून हलत नसे. सासूबाई काढे करत. आत्याबाई मात्र त्या खोलीत पाऊल टाकत नसत. बेलाखाली जाऊन बसत, आणि समोरून कोतवाल फुलपाखरू घेऊन गेला तरी मान वर करत नसत. मला तेव्हा ते जरा लागायचं. वाटायचं, अळ्यांसाठी इतकं करणारी ही बाई पोरीच्या कपाळाला हातसुद्धा लावायला येत नाही.

ताप उतरला, की त्या पूर्वीच्याच आत्याबाई. एका वर्षी त्यांनी भाजीच्या वाफ्यातल्या घोळीवर अंडी घालणारं एक मारुतीचं फुलपाखरू पकडलं, म्हणजे नजरेनं पकडलं. मारुतीचं, मग रुई सोडून घोळीवर कसं? त्यांनी त्या काटेरी काळ्या अळ्या टोपलीत घोळ घालून वाढवल्या. कोश झाले, फुटले. निम्मी निघाली हुबेहूब मारुतीची, आणि निम्मी काळी, पांढऱ्या चंद्रांची. एकाच आईची! आत्याबाई आनंदानं घरभर फिरल्या. "बायका सोंग घेतात आणि नवरे घेत नाहीत. घोळ काही विषारी नाही, ती खाऊन वाढलेलीला कोणीही खाईल, म्हणून बयेनं कडूचा वेष चढवला. कोतवाल फसतो. मीही फसले, इतकी वर्षं!" फसल्याचा असा आनंद झालेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. यजमानांनी त्या वेळी त्यांना विचारलं, "बघितलंय का कोणी?" तर छाती पुढे काढून म्हणाल्या, "मी."

उमा लग्नाची झाली त्या वर्षी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. दम लागायचा, बोलताना मध्येच थांबायच्या. एका दुपारी उमा त्यांचे पाय चेपत होती. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "जा गं, आजीला काय हवं ते बघ." ती गेल्यावर मला जवळ बोलावलं.

"एक बोलायचं राहून गेलंय. उद्यापनाच्या दिवशी मी काय बोलले, आठवतं?"

"अळ्यांनी वाहिली म्हणालात."

"हो. मोठी ऐटीत बोलले." त्या थांबल्या. श्वास जमवला. "मला काय ठाऊक होतं गं? महादेवाला ते पोचतं की नाही, कोणी बघितलंय? मी बोलून बसले. आणि मग हिला ताप आला, की मला वाटायचं, आता मागून घेतो देव. हिच्या खोलीत यायची मला छाती नव्हती. तू वर बघितलंस आणि तुझ्या डोळ्यांत काही दिसलं तर, असं वाटायचं. इतकी वर्षं रोज भीत होते. दुसरीची पोरं खुडायची नाहीत, हे खरंच होतं माझ्या मनात. पण तेवढंच नव्हतं. मला बघायचं होतं त्या कोशातून काय निघतं ते. तुझं पोर पणाला लावून मला बघायचं होतं."

 ज्या बाईला मी इतकी वर्षं निर्धास्त समजत आले, ती बेलाखाली एकटी बसून काय सोसत होती, ते मला त्या क्षणी कळलं, आणि तिच्यावरचं माझं प्रेम दाटून आलं. मी त्यांचा हात हातात घेतला.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुम्ही मला विचारलं होतंत. मी थांबा म्हटलं, ते पुण्यासाठी नाही म्हटलं. मलाही बघायचं होतं."

त्यांनी डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं, अगदी पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच चौकसपणे, मी खरं बोलते आहे की त्यांचं समाधान करते आहे ते पारखत. मी नजर हलवली नाही. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"म्हणजे दोघी होतो," त्या म्हणाल्या. संध्याकाळी सासूबाई दिवा घेऊन आल्या तरी त्यांनी माझा हात सोडला नव्हता.